एनएसएस शिबिरात घरकुलाचं काम: पन्नास पोरं सात दिवसांत नेमकं काय करू शकतात?

जतची_पोर | २७ डिसेंबर २०२४

नमस्कार. मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, एनएसएसचंही (राष्ट्रीय सेवा योजना) दुसरंच वर्ष. आमचं सात दिवसांचं शिबिर ६ जानेवारीपासून जत तालुक्याच्या पूर्वेकडच्या एका गावात आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, लोक ओळखतात.

दरवर्षी आम्ही गटारी काढतो, शाळेला रंग देतो, संध्याकाळी पथनाट्य करतो आणि झाडं लावायला खड्डे घेतो. मागच्या वर्षीचेच खड्डे यंदा परत घ्यायचे होते, हे खोटं नाही. म्हणून सरांनी विचारलं, वेगळं काही सुचतंय का? मी आणि दोन मैत्रिणींनी घरकुल सुचवलं. पाहणीला गेलो तेव्हा गावात जोत्यापर्यंत (पायावरच्या चौथऱ्यापर्यंत) येऊन थांबलेली अकरा घरं मोजली. कुणी जोत्यावर शेणी वाळत घातल्यात, कुणी शेळ्या बांधल्यात.

त्यातलं एक घर एका आज्जीचं. वय ६२. मुलगा-सून ऊसतोडीला गेलेत, चौथीतला नातू तिच्याजवळ. प्रधानमंत्री आवासमधून घर मंजूर, १५ हजारांचा पहिला हप्ता आला, त्यात आणि थोड्या उसनवारीत दगडी जोतं झालं. पुढचा हप्ता आलाच नाही म्हणते. जोत्यात भरणी नाही, आत गवत उगवलंय. आज्जी कन्नड बोलते, मराठी जेमतेम. आमच्यातल्या एकीला कन्नड येतं म्हणून एवढं तरी कळलं.

माझे प्रश्न:

आम्ही पन्नास जण आहोत. सात दिवसांत तिच्या भिंती उभ्या करता येतील का? बांधकामातलं कुणालाच काही येत नाही, पण अंगमेहनतीची तयारी आहे. वर्गणी काढून विटा आणाव्यात का? आणि आम्ही राबलो तर सरकारी नियमात काही अडचण येते का?

---

फुकटचा_सल्ला | २७ डिसेंबर २०२४

एनएसएसच्या दहा मार्कांसाठी जाता, फावड्याबरोबर फोटो काढता, गावाला तुमची भांडी घासायला लावता. आज्जीला सोडा. सरळ पथनाट्य करा, त्यानं निदान कुणाची भिंत पडत नाही.

---

जतची_पोर | २७ डिसेंबर २०२४

भांडी आम्हीच घासतो. बाकीचं निम्मं खरं आहे, म्हणून तर इथं विचारलं.

---

ओळंबा | २८ डिसेंबर २०२४

पोरी, खड्ड्यांची कबुली दिलीस म्हणून सविस्तर लिहिते.

मी गवंड्याची मुलगी. सिव्हिलचा डिप्लोमा केला, आता मिरजेच्या आसपास लहानमोठी घरांची कामं घेते. आणि मीही एनएसएसवालीच. २००३ साली आमचं शिबिर कवठेमहांकाळच्या बाजूला होतं. तेव्हा इंदिरा आवास होतं. एका म्हाताऱ्याचं घर असंच जोत्यावर अडकलेलं. ठरलेला गवंडी नेमका लग्नाला गेला आणि आमचे सर म्हणाले, विटेवर वीट ठेवायची, त्यात काय मोठं?

तीन दिवसांत आम्ही तीन फूट भिंत चढवली. गाणी म्हणत. चौथ्या दिवशी बाबा माझा स्वेटर द्यायला एम-८० वरून आले. भिंतीकडे बघून काही बोलले नाहीत. डिकीतून ओळंबा (भिंत सरळ आहे का बघायची दोरी) काढला, वरच्या थराला दोरीचा गट्टू, म्हणजे ठोकळा, टेकवला आणि खालचं वजन, म्हणजे लोळा, खाली सोडला. लोळा भिंतीला निसटता लागायला हवा. तो भिंतीपासून चांगला बोटभर लांब लोंबत होता. म्हणजे भिंत पुढं झुकलेली. बाबांनी चपलेसकट पाय वरच्या थराला लावला आणि ढकललं. अख्खा थर खाली. मग त्याखालचा.

माझ्या डोळ्यांसमोर अजून आहे ते म्हणजे त्या पडलेल्या विटा. स्वच्छ होत्या. मालाचा, म्हणजे कालवलेल्या सिमेंट-वाळूचा, कणही चिकटलेला नव्हता. आम्ही विटा भिजवल्याच नव्हत्या. कोरडी वीट मालातलं पाणी पिऊन टाकते, सिमेंटला घट्ट व्हायला पाणीच उरत नाही, माल भुकटी होऊन बसतो. शिवाय उभे सांधे एकावर एक आलेले, जणू भिंतीला वरून खाली चिरा पाडून ठेवल्यात. म्हातारबाबा बाजूला बसून बघत होते. तीन पोती सिमेंट गेलं, ते त्यांचं होतं. आम्ही सगळे गप्प. बाबांनी सिमेंटचे पैसे दिले, दोन दिवस राहून भिंत परत चढवली आणि मला हाताखाली बिगारी म्हणून घेतलं. सर त्या दोन दिवसांत फारसे दिसले नाहीत.

तेव्हा तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: भिंत तुम्ही बांधायची नाही. गवंडी बांधेल. तुम्ही बिगारी व्हा.

यात कमीपणा मानू नका. आमच्याकडं चांगला गवंडी दिवसाला पाच-सहाशे विटा लावतो, पण हाताशी माल आणि भिजलेली वीट वेळेवर आली तरच. नाहीतर तो स्वतःच घमेलं घेऊन हिंडतो आणि हजेरी (दिवसाची मजुरी) मात्र पूर्ण लागते. गरिबाच्या घराचे पैसे मुरतात ते तिथं. एका गवंड्यामागं तुमच्यातली सहा पोरं आळीपाळीनं दिलीत (वाळू चाळणं, विटा भिजवणं, माल कालवणं, पोचवणं), तर आज्जीची बिगाऱ्यांची मजुरी वाचते. मालाचं प्रमाण गवंड्याला विचारा आणि तेच घमेल्यानं मोजून घाला. अंदाजानं ओतू नका. पोरांचा अंदाज सिमेंटच्या बाबतीत फार उदार असतो.

मग उरलेली चव्वेचाळीस? त्यांच्यासाठी जोत्याची भरणी आहे. पन्नास अडाणी हातांना शोभेल असं घरातलं हे एकच काम, आणि तुझ्या सांगण्यावरून तेच राहिलंय. आधी आतलं गवत मुळासकट काढा. मग मुरूम टाका, पण एकदम भरून वर नाचू नका. सहा-सहा इंचांचा थर, प्रत्येक थरावर पाणी, मग धुमस. धुमस म्हणजे खाली जड लोखंड नाहीतर लाकडाचा ठोकळा असलेला दांडा, गावात कुणाकडे तरी सापडेल. ठोकताना आवाज बदलतो. पहिल्यांदा भस्स, भस्स येतो. दबत आलं की ठण्ण लागतं. तो आवाज येईपर्यंत थांबायचं नाही. ही भरणी कच्ची राहिली की पहिल्या पावसाळ्यात फरशी खचते आणि मग लोक म्हणतात, घरकुलाचं काम असंच असतं.

नियमाचं म्हणशील तर एक गोष्ट नीट समजून घे. घरकुलाला सपाटीच्या भागात १ लाख २० हजार मिळतात, त्याशिवाय रोजगार हमीतून ९० दिवसांची अकुशल मजुरी. २०२४-२५ च्या २९७ रुपये दरानं ती २६,७३० होते. हे पैसे आज्जीच्या घरच्यांच्या हक्काचे आहेत. तुम्ही चार दिवस फुकट राबलात म्हणून कुणी "काम तर झालंय, आता मस्टर (हजेरीपत्रक) कशाला?" म्हणायला नको. पहिल्याच दिवशी ग्रामरोजगार सेवकाला भेटा, आज्जीचं जॉबकार्ड बघा, मागणी भरलीय का, किती दिवस भरले ते विचारा. पोरांची नावं मात्र कुठल्याही मस्टरवर जाता कामा नयेत, कुणी कितीही गोड बोलून सुचवलं तरी.

वर्गणीचं: काढू नका. निदान आत्ता तरी नाही. एका आज्जीला विटा दिल्यात तर बाकीची दहा जोती तुमच्याकडं बघतील, आणि बरोबरच आहे त्यांचं.

आणि शेवटचं, यावर विचार करून मला उत्तर दे. समजा १० तारखेला भिंतीचं काम सुरू झालं. १२ ला तुम्ही पथारी गुंडाळून परत. त्या भिंतीला पुढं सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी कोण मारणार?

---

निवृत्त_ग्रामसेवक | २८ डिसेंबर २०२४

ओळंबाताईंनी बांधकामाचं सांगितलं. मी कागदाचं सांगतो, एकतीस वर्षं तेच केलंय.

"हप्ता आला नाही" हे वाक्य मी हजारदा ऐकलंय आणि त्यातल्या पुष्कळ वेळा हप्ता आलेला असतो. कुठं तरी. यंदा तर जास्तच. जुलैपासून लाडकी बहीणसाठी बायकांनी नवी खाती काढली, आधार नव्या खात्याला जोडलं गेलं आणि जुनं पासबुक घेऊन त्या बँकेच्या दारात बसल्यात. माझ्या चुलतबहिणीचंच असं झालं.

म्हणून पहिल्या दिवशी फावडी उचलू नका. पाच-सहा जणांचा गट करा, अकराही घरी जा आणि घरातली सगळी, म्हणजे सगळी, पासबुकं मागा. ट्रंकेतली, देव्हाऱ्यामागची, मुलाच्या नावाची. ती बँकेत नेऊन छापून आणा. आधार कुठल्या खात्याला जोडलंय ते बँकेत विचारलं की सांगतात. मंजुरीचा नोंदणी क्रमांक घ्या आणि आवासच्या संकेतस्थळावर घर कुठल्या टप्प्यावर दिसतंय ते बघा. जोत्याचा फोटो जागेवर जाऊन मोबाईल ॲपमधून काढावा लागतो, अक्षांश-रेखांशासह. तो चढला नसेल तर पुढचा हप्ता निघत नाही. फोटो तुम्ही काढून चालणार नाही, पण राहिलाय हे पंचायत समितीतल्या गृहनिर्माण अभियंत्याला नाव, क्रमांक लिहून कळवता येईल. एकट्या म्हातारीनं तोंडी सांगणं आणि कॉलेजच्या लेटरहेडवर अकरा नावांची यादी जाणं यात काय फरक पडतो, ते तुम्हाला कळेलच.

दुसरं, नमुना ८ चा उतारा, म्हणजे ग्रामपंचायतीतली घर-जागेची नोंद. जागा मयत नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असते, वारसनोंद झालेली नसते. ज्यांना जागाच नाही त्यांच्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची जागा खरेदीची योजना आहे, हे गावात फारच थोड्यांना माहीत असतं. आणि वाळू: घरकुलाला ५ ब्रासपर्यंत मोफत आहे, वाहतूक आपली. कागदावर सोपं आहे. वाळू प्रत्यक्ष पदरात पडेपर्यंत माणूस क्रश सँडवर (दगड दळून केलेल्या वाळूवर) येतो, तो भाग वेगळा.

कन्नड येणाऱ्या मुलीला या गटात घ्या. तिला धुमस देऊ नका.

---

पीचट्री | २९ डिसेंबर २०२४

मूळचा तासगावचा, आता अटलांटात. राहवलं नाही म्हणून लिहितोय. माझी मुलगी इथं कॉलेजात आहे आणि सुट्टीत पार्टीला न जाता घरं बांधायला जाते. हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी ही संस्था इथल्याच जॉर्जिया राज्यातली, अमेरिकस नावाच्या लहान गावात १९७६ मध्ये सुरू झालेली. बऱ्याच कॉलेजांत त्यांच्या विद्यार्थी शाखा आहेत. ज्या कुटुंबाचं घर, त्यांनीही ठरावीक तास स्वतः राबायचं असा नियम आहे आणि घर फुकट नाही, कर्ज फेडायचं. मी एकदा मुलीबरोबर गेलो होतो. सांगायचा मुद्दा हा की तिथं अडाणी पोरांनाही भिंत उभारता येते, कारण भिंत लाकडाची. जाणत्यानं पेन्सिलीनं खुणा केलेल्या, सोळा-सोळा इंचांवर उभी फळी ठेवायची आणि खिळा ठोकायचा. चुकला तर उपटायचा. आपल्या विटेच्या भिंतीत खिळा उपटायची सोय नाही. त्यामुळे तिकडचे व्हिडिओ बघून उत्साहात येऊ नका. ओळंबाताई बरोबर आहेत.

याच संस्थेनं २००६ मध्ये आपल्या मळवलीला, लोणावळ्याजवळ, शंभर घरांचं काम काढलं होतं. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर स्वतः आले होते, ८२ वर्षांचे. हातात थापी घेऊन.

---

औसेकर | २९ डिसेंबर २०२४

थोडं वेगळं. ९३ च्या भूकंपाच्या वेळी मी लातूरला अकरावीत होतो. ३० सप्टेंबरची पहाट, विसर्जनाची रात्र नुकती संपलेली. आम्ही पोरं नंतर किल्लारीकडं ढिगारे उपसायला गेलो. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचं जड धाबं, तेच लोकांवर आलं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

नंतर नवी गावं उभी राहिली, पन्नासावर. शहरी कॉलनीसारखे सरळ रस्ते, ओळीनं घरं. घर मजबूत होतं, पण बैल कुठं बांधायचा? कडबा कुठं रचायचा? पुष्कळांनी वर्षभरातच पुढं-मागं पत्रे टाकून आपापली सोय केली. बांधणाऱ्यांनी आधी एकदा विचारायचं होतं. तुमच्या आज्जीच्या शेळ्या कुठं जाणार आहेत, ते विचारलं का?

---

जतची_पोर | ३० डिसेंबर २०२४

सगळ्यांचे मनापासून आभार. सरांना हे सगळं मोबाईलवर वाचून दाखवलं. "तीन फूट भिंत" ऐकून ते जरा अस्वस्थ झाले, कारण त्यांचाही बेत तोच होता.

ओळंबाताई, पाण्याचं खरंच डोक्यात नव्हतं. गावात टँकरचं पाणी आहे, आज्जी तीन घागरींवर दिवस काढते. त्या गावातून चौघं जण रोज एसटीनं कॉलेजला येतात, दोन एनएसएसमध्येच आहेत. त्यांच्यावर सोपवलं तर?

शेळ्यांचं विचारलं नाही. विचारते.

---

ओळंबा | ३० डिसेंबर २०२४

चालेल, पण "सोपवलं" म्हणून सोडू नकोस. कुणाचा वार कुठला ते लिहून आज्जीच्या झोपडीत चिकटवा. पाणी कमी असेल तर भिंतीवर सिमेंटची रिकामी गोणपाटं टांगा आणि तीच ओली ठेवा, बादलीभर पाण्यात भागतं. पाईप लावून शिंपडलं की निम्मं जमिनीत जातं. दुपारच्या उन्हात मारू नका. भिंतीला सात दिवस. पुढं लिंटल (दार-खिडक्यांवरची तुळई), स्लॅब होईल तेव्हा जास्त, स्लॅबला चौदा. पण या पैशात ती पत्राच टाकेल बहुतेक, आणि टाकू दे.

औसेकरांचं वाचून एक आठवलं. आम्ही नवीन घराची आखणी करतो तेव्हा आधी जमिनीवर फक्की मारतो, खऱ्या मापाची. घरकुलाला किमान २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट. आकडा ऐकून कुणाला काही कळत नाही. चुन्याच्या रेषेत उभं केलं की बाई लगेच म्हणते, "चूल इथं नको, वारं इकडून येतंय." आज्जीचं जोतं झालंय, पण आतली आडभिंत आणि दार अजून ठरायचंय ना? भरणी झाल्यावर वरून फक्की मारा, तिला आत फिरू द्या. नातवालाही. काटकोन बघायला गुण्या नसेल तर दोरीला आधी तीन, मग चार, मग पाच फूट अंतर सोडून गाठी मारा. बीएस्सीची पोरं आहात, पुढचं सांगत नाही.

---

फुकटचा_सल्ला | ३१ डिसेंबर २०२४

बरं. फोटो टाका म्हणजे झालं.

---

जतची_पोर | २ मार्च २०२५

उशिरा लिहितेय, मध्ये परीक्षा झाली. काय झालं ते सांगते.

पहिल्या दिवशी फक्त पासबुकं. सहा जण, अकरा घरं, एकूण तेवीस पासबुकं निघाली. आज्जीचं एक बँकेचं, ते आम्ही आधीच बघितलं होतं. दुसरं नाहीच म्हणत होती. मग आमच्या कन्नडवालीनं विचारलं, लाडक्या बहिणीचे दीड हजार कुठं येतात? आज्जी म्हणाली, पोस्टात, पोस्टमन घरी येऊन अंगठा घेतो आणि देतो. पोस्टातल्या खात्याचं कार्ड तांदळाच्या डब्यात होतं. दुसऱ्या दिवशी पोस्टात गेलो. घरकुलाचा दुसरा हप्ता नोव्हेंबरपासून तिथं पडून होता. पोस्टमनकाका दर महिन्याला मागितलेले दीड हजार देत होते, बाकी किती आहे ते आज्जीनं कधी विचारलंच नाही.

निवृत्त_ग्रामसेवक काका, तुम्हाला काय सांगू? आज्जी आधी हसली, मग पोस्टाच्या पायरीवर बसली आणि आम्हाला कन्नडमध्ये बरंच काही बोलली. मैत्रिणीनं भाषांतर केलं नाही. नंतर म्हणाली, शिव्या होत्या, पण आपल्याला नव्हत्या.

अकरापैकी तीन घरांचं असंच होतं. चौघांच्या जोत्याचा फोटोच चढला नव्हता. लेटरहेडवर यादी दिली, आठवड्यात अभियंता साहेब येऊन गेले. दोघांची वारसनोंद अजून अडकलीय. बाकीच्या दोघांनी पैसे दुसऱ्या कामाला वापरलेत, एकानं मुलीच्या बाळंतपणाला. त्यावर आमच्याकडं काही उत्तर नव्हतं.

भरणी तीन दिवस चालली. धुमस गावात एकच होती, दुसरी सरांनी लाकडी ओंडक्याला दांडा ठोकून केली. आवाज बदलतो, खरंच बदलतो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलं थांबायलाच तयार नव्हती, प्रत्येकाला ठण्ण ऐकायचं होतं. फक्की मारली तेव्हा आज्जीनं आडभिंत दीड फूट सरकवली आणि मागच्या बाजूला बोट दाखवलं: शेळ्या इथं, त्यांच्या अंगावरून वारं घरात यायला नको.

भिंतीचं काम ११ तारखेला सुरू झालं. गवंडी शेजारच्या गावचे. पहिल्या दिवशी आमच्यावर वैतागले, माल फार पातळ कालवला म्हणून. दुसऱ्या दिवशी वैतागले नाहीत. आम्ही निघालो तेव्हा भिंत गुडघाभर होती. माझ्या एका मैत्रिणीला रडू आलं, एवढ्यासाठी सात दिवस का म्हणून. मलाही थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू?

पाण्याच्या वारांचं वेळापत्रक चार दिवस टिकलं. पाचव्या दिवशी ज्याचा वार होता तो लग्नाला गेला. (गवंडी असो नाहीतर विद्यार्थी, लग्न आड येतंच.) तेव्हापासून नातूच पाणी मारतो. मैत्रिणीनं त्याला सांगून ठेवलं होतं, मारलंस की मिस्डकॉल दे. तो मिस्डकॉल देत नाही, फोन उचलेपर्यंत थांबतो आणि एवढंच बोलून ठेवतो: "नीर हाकीनी." पाणी मारलं. सकाळी साडेसहाला. वर्गात सगळ्यांना आता हा शब्द येतो.

काल लिंटल ओतलं. मुलगा-सून अजून कारखान्यावरच आहेत, पट्टा पडला (हंगाम संपला) की येतील. मस्टरवर आज्जीचे सत्तावीस दिवस भरलेत.

फोटो टाकत नाही. आज्जी नको म्हणाली, घर पुरं झाल्यावर काढा म्हणते.

---

निवृत्त_ग्रामसेवक | २ मार्च २०२५

तांदळाचा डबा माझ्या यादीत नव्हता. घातला. वारसनोंदीच्या दोन प्रकरणांत मृत्यूचा दाखला आहे का तेवढं कळव, पुढचा अर्ज मी लिहून देतो.

---

ओळंबा | ३ मार्च २०२५

गुडघाभर भिंत म्हणजे कमी नाही. आमच्या तीन फुटांपेक्षा जास्त टिकेल.

एक काळजी सांगून ठेवते. २२ फेब्रुवारीला राज्यात २० लाख मंजुरीपत्रं वाटली, दहा लाख जणांना पहिला हप्ता एकदम सुटला. एवढ्या घरांना गवंडी कुठून येणार? माझ्याकडचे दोघं आत्ताच दुसरीकडं पळाले, जास्त हजेरीवर. विटेचाही भाव चढतोय. तेव्हा आज्जीच्या वरच्या कामाची तारीख गवंड्याकडून आजच पक्की करून घे, थोडा विसार द्यायला लाव. आणि पुढच्या वर्षी शिबिराला जाल तेव्हा गावातल्या चार पोरांना गवंडीकामाच्या प्रशिक्षणाचं विचार. आवास योजनेतच ते आहे, ४५ दिवसांचं, प्रत्यक्ष घर बांधत शिकवतात.

दाराची फळी अजून बसवली नसेल ना? दार आत उघडायचं की बाहेर, आज्जीला विचार. सुतार आपल्या सोयीनं लावून मोकळा होतो.

---

जतची_पोर | ३ मार्च २०२५

विचारलं ताई, आत्ताच फोन केला होता. आत. बाहेर उघडलं तर म्हणे शेळीच्या तोंडावर बसेल.